लेखनिक म्हणून नाव दिलं, त्यानंतरचं सगळं

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो, अंध विद्यार्थिनीला पेपर लिहायला लेखनिक हवाय, अमुक तारीख, अमुक वेळ, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. जानेवारीच्या शेवटी असाच एक मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मी सरळ खालच्या नंबरवर फोन लावला. अक्षर चांगलं आहे, हात भरभर चालतो, अकाउंट्सचं काम घरूनच करते त्यामुळे दुपार मोकळी काढता येते, अजून काय लागतं असं मनात होतं. पलीकडून एका दादांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, शिक्षण किती झालंय तुमचं?" बी.कॉम. म्हटल्यावर म्हणाले, "मग या मुलीला नाही चालणार, ती बारावीला आहे."

मला हे माहीतच नव्हतं आणि नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून आधी हेच लिहिते. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक घेऊन येणार असेल तर त्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा निदान एक पायरी खाली असावं लागतं. दहावीच्या मुलाला नववीचा, बारावीच्या मुलीला अकरावीची, पदवीच्या पातळीवरची स्पर्धा परीक्षा असेल तर लेखनिक पदवीधर नको. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाच्या शिक्षणाची अशी अट घालू नये असं होतं, २९ ऑगस्ट २०१८ ला नव्या सूचना आल्या आणि त्यात ही एक पायरी खालची अट आली. कारण कळतं, लेखनिकच हुशार निघाला आणि त्यानेच पेपर सोडवला तर काय, ही शंका आहे त्यामागे. पण प्रत्यक्षात काय होतं बघा, ज्यांच्याकडे वेळ आहे ते म्हणजे रिटायर्ड शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले काका, माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बायका, हे सगळे बाद. आणि जे चालतात त्या अकरावीच्या, एफ.वाय.च्या मुलांची स्वतःची परीक्षा त्याच सुमारास असते, क्लास असतात, घरच्यांची परवानगी लागते. म्हणून ते मेसेज फिरतात, आणि म्हणूनच "मी तयार आहे" म्हणणारे खूप असूनसुद्धा आदल्या रात्रीपर्यंत माणूस मिळत नाही.

दादांनी मात्र फोन ठेवू दिला नाही. म्हणाले, "लिहायला नाही तर वाचायला या, वाचणाऱ्याची डिग्री कोणी विचारत नाही." दादा स्वतः पूर्ण अंध, बँकेत नोकरी करतात आणि बँकेत जायच्या आधी आणि घरी आल्यावर ही जुळवाजुळव करतात. त्यांचं ऑफिस वगैरे काही नाही, एक मोबाईल आहे आणि त्यावर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज, इतक्या स्पीडला चालू असतो की मला सुरुवातीला ती कुठली भाषा आहे हेच कळायचं नाही. कोणाचं शिक्षण किती, कोण कुठल्या भागात राहतं, कोणाची शनिवारची सुट्टी असते, कोणाला गणिताची चिन्हं नीट लिहिता येतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून मुलं येतात, त्यात अंध मुलंमुलीही बरीच असतात, त्यातल्या कितीजणांना यांचा नंबर पाठ आहे देव जाणे.

पहिल्या रविवारी एका शाळेच्या वर्गात बोलावलं होतं, नवीन आलेले आम्ही काहीजण आणि शिकवणारे सगळे अंध. वाचनाचं नावच नाही, आधी चालायचं शिकवलं. हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील, मग तुमच्या शरीराच्या हालचालीवरूनच त्यांना वळण कळतं. जिना आला की नुसतं "जिना आहे" नाही, वर जाणारा की खाली जाणारा ते सांगायचं. पांढरी काठी आपण उचलून बाजूला ठेवायची नाही. खोलीत आलात तर नाव सांगून या आणि जाताना "मी निघते" म्हणून जा, नाहीतर समोरचा रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. खुर्चीत बसवताना खांदे दाबून बसवायचं नाही, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला की पुढचं त्यांचं ते बघतात. हे सगळं परीक्षेच्या दिवशी कामाला येतं, कारण बसस्टॉपपासून वर्गाच्या बाकापर्यंत बऱ्याचदा लेखनिकच बरोबर असतो आणि पेपरच्या आधी त्या मुलीला कोणी फरफटवत नेलं तर तिचं डोकं पेपरला लागेल कसं.

मग वाचन, म्हणजे या मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. मला इतिहासाच्या पुस्तकातली काही पानं दिली आणि समोर एम.ए. मराठी करणारी एक मुलगी ऐकायला बसली. पान संपल्यावर ती म्हणाली, "काकू, आवाज छान आहे पण एवढे भाव नका घालू, आम्ही दीडपट-दुप्पट स्पीडने ऐकतो, चढउतार जास्त असले की शब्द गिळले जातात." सपाट नको पण सारखं हवं, वाक्य पूर्ण झाल्याचं कळलं पाहिजे, आणि जे छापलंय ते सगळं वाचायचं. कंस आला की "कंसात" आणि संपला की "कंस पूर्ण". अवतरण सुरू, अवतरण संपलं. तळटीप जिथे आकडा आहे तिथेच वाचायची, शेवटी ढीग करून नाही. धड्याच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, धड्याचं नाव, पान नंबर, आणि पान बदललं की पुन्हा नंबर, कारण वर्गात सर "पान ४२ उघडा" म्हणतात तेव्हा यांनाही ४२ वर जाता आलं पाहिजे.

सगळ्यात अवघड तक्ते आणि नकाशे. तक्ता वाचताना आधी सांगायचं की उभे रकाने किती आणि त्यांची नावं काय, मग आडव्या ओळीने जायचं आणि प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव घ्यायचं, कंटाळवाणं वाटतं पण त्याशिवाय तिसऱ्या ओळीत माणूस हरवतो. नकाशाचं वर्णन करताना रंग सांगून काय उपयोग, दिशा सांगायची. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे निघते, कृष्णा महाबळेश्वरहून निघून तीही अखेर पूर्वेच्याच समुद्राला मिळते, तापी मात्र उलटी, पश्चिमेकडे. दादा म्हणतात की टेबलावर ऐकणाऱ्याचा तळहात ठेवायला सांगा आणि त्यावर नकाशा बोला, मनगटाकडे दक्षिण, बोटांकडे उत्तर. हे मी घरी स्वतःच्या हातावर करून बघितलं आणि शाळेत पाठ केलेला भूगोल मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला.

रेकॉर्डिंग घरीच करायचं. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, चुकलेलं वाक्य कापून परत बोलता येतं. पंखा बंद, खिडक्या बंद, कपड्यांच्या कपाटाजवळ बसायचं म्हणजे आवाज घुमत नाही. आमच्याकडे ते जमायचं फक्त पहाटे, नंतर शेजारचे कुकर, खालचा भाजीवाला, सोसायटीची पाण्याची मोटार असं एकेक सुरू होतं. तासाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर चुका कापणं, परत ऐकणं धरून दुपटीच्या वर वेळ जातो. उन्हाळ्यात पंखा बंद करून राज्यशास्त्राचं पुस्तक वाचलंय मी, घामाच्या धारा लागायच्या पण थांबवंसं वाटायचं नाही कारण पलीकडे एक मुलगा रोज रात्री विचारायचा, पुढचा धडा झाला का.

लोक विचारतात की पुस्तकं अशी रेकॉर्ड करणं कायद्यात बसतं का. बसतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून त्यांना देण्याची मोकळीक त्यात दिली आहे, फायद्यासाठी विकायचं नाही आणि बाकीच्यांत वाटायचं नाही एवढं पाळायचं. अंध वाचकांना पुस्तकं देशोदेशी मिळावीत म्हणून मोरोक्कोतल्या मराकेशला २०१३ मध्ये करार झाला आणि त्याला सर्वात आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ साली. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररीही आहे. पण मराठीतली क्रमिक पुस्तकं, त्यातही विद्यापीठाच्या विषयांची, गाईडं, नोट्स, हे सगळं तयार मिळेलच असं नाही आणि अभ्यासक्रम बदलला की परत शून्यापासून सुरुवात.

इथे फॉन्टचं एक दुखणं आहे जे डोळस माणसाच्या कधीच लक्षात येत नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो मराठी वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून ओळखता येईल अशा टायपिंगमध्ये, असेल तरच. आपल्याकडे वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स, प्रश्नसंच, परिपत्रकं आहेत, डोळ्याला सुंदर मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडरला तिथे इंग्रजी अक्षरांचा काला ऐकू येतो. पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली असेल तर तेवढंही नाही, चित्रच ते. मग एकजण फोटोतून अक्षरं काढून घेणार, दुसरा बसून तपासणार, कारण "श" चा "रा" झालेला असतो आणि जोडाक्षरं तुटलेली असतात. आमच्या ग्रुपमध्ये एक आजोबा आहेत, प्रेसमध्ये प्रूफरीडर होते, त्यांनी हे काम हातात घेतलं आणि आता दुसऱ्याने तपासलेलं त्यांना चालतच नाही. शिक्षकांना आणि क्लासवाल्यांना माझी एवढी एकच कळकळीची विनंती आहे, नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा, तुमचा वेळ तेवढाच लागतो आणि एका मुलाचा महिना वाचतो.

ब्रेल मला शिकायचीच होती असं नाही, पण त्या एम.ए.वाल्या मुलीने आग्रह केला. सहा टिंबांचा खेळ. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि सुईने टोचत जायचं, उजवीकडून डावीकडे आणि उलटं, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद पलटून वाचायचं असतं. आपल्या सगळ्या भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, आणि त्यात एक गोष्ट मला फार आवडली, अक्षरं उच्चाराच्या क्रमाने येतात, म्हणजे "कि" लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो पण ब्रेलमध्ये आधी क मग इ. जोडाक्षर करताना पाय मोडल्याची खूण आधी येते. माझी बोटं अजून शब्द वाचत नाहीत, एकेक अक्षर चाचपत जाते, पण त्यातून एक कळलं जे नुसतं रेकॉर्डिंग करताना कधीच कळलं नसतं. जी मुलं ब्रेलवर वाढली त्यांचं शुद्धलेखन पक्कं असतं, ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या बोटांत बसलेलं असतं. जी फक्त ऐकून शिकली त्यांनी शब्द पाहिलेलाच नसतो, मग "ही पहिली की दुसरी वेलांटी" हे ती तुम्हाला विचारतात. म्हणून ऑडिओ आला, मोबाईल आला, आता ब्रेल कशाला असं कोणी म्हणालं की मी भांडते. स्पर्शज्ञान नावाचं मराठीतलं ब्रेल पाक्षिक २००८ च्या फेब्रुवारीत स्वागत थोरातांनी सुरू केलं, त्याचे जुने अंक या मुलीने जपून ठेवलेत, एका अंकावरून मला बोट फिरवायला दिलं होतं.

आणि मग तिच्याच परीक्षेला लेखनिक मिळेना. एम.ए.ला पदवीधर चालतो, माझं बी.कॉम. पहिल्यांदा कामाला आलं.

कागदपत्रं आधीच द्यावी लागतात, ऐनवेळी जाऊन बसता येत नाही. तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांसाठीचं सरकारी ओळखपत्र), माझा फोटो, ओळखपत्र, शिक्षणाचा पुरावा, आणि दोघींच्या सह्यांचं हमीपत्र, की लेखनिकाचं शिक्षण जे सांगितलंय तेच आहे, खोटं निघालं तर परीक्षा रद्द. वेळेचा नियम असा की तासाला किमान वीस मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास वाढीव. तळमजल्यावरचा वर्ग मागून घ्यायचा. दादांनी नियमांची छापील प्रत बरोबर दिली होती, "फाईलमध्ये वरच ठेवा" म्हणून. आदल्या आठवड्यात आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन सराव केला आणि हे प्रत्येकाने करावंच असं मला वाटतं, कारण तिचा सांगायचा वेग आणि माझा लिहायचा वेग जुळायला वेळ लागतो. ती वाक्य पूर्ण मनात करून मग बोलते, मी शेवटचे दोन शब्द परत म्हणते म्हणजे तिला कळतं की हात कुठवर आलाय. परीक्षेत मोठ्याने बोलता येत नाही, शेजारी दुसरी जोडी बसलेली असते, म्हणून कुजबुजून बोलायचाही सराव.

पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचून दाखवायचा, सूचनांसकट. "खालीलपैकी कोणत्याही दोन" हे गाळलं तर सगळंच गेलं. तिने एकदा ऐकलं, मग फक्त प्रश्नांचे आकडे आणि गुण परत विचारले आणि म्हणाली, आधी चौथा, मग दुसऱ्यातला ब, एक शेवटी. आपण पान उलटून प्रश्न परत बघतो, खोडतो, बाण काढून वर घुसडतो, ती हे सगळं डोक्यात करत होती. मधेच "थांबा" म्हणायची आणि गप्प. या शांततेत लेखनिकाने काहीही बोलायचं नाही हे शिकवताना सांगितलेलं असतं पण तिथे बसल्यावर ते किती अवघड आहे ते कळतं, आपल्याला वाटतं ती अडकलीय, काहीतरी सुचवावं, निदान प्रश्न परत वाचावा. ती अडकलेली नसते, ती तुमच्या-माझ्यासारखी पेन चावत बसलेली असते फक्त पेन तिच्या हातात नसतं. दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची असं ठरलं होतं, ती विचारायची तेव्हा उत्तर किती पानांवर गेलंय तेही.

संतकवितेचा पेपर होता. ओव्या सांगताना ती चरण संपला की बोटाने बाकावर टक करायची, मी दंड देऊन पुढच्या ओळीवर. जुन्या मराठीतले अनुस्वार तिने एकेक सांगितले, या शब्दावर आहे, यावर नाही, तिने ओव्या ब्रेलमध्ये वाचलेल्या होत्या त्यामुळे तिला ते ठाऊक होते, मला नव्हते. एका उत्तरात ज्ञानेश्वरीचा काळ सांगताना ती शके १२१० म्हणाली. शके १२१२, हे मला माहीत होतं, शाळेत असल्यापासून डोक्यात बसलेलं साल आहे ते. आधीचा शब्द लिहिताना माझा हात हळू झाला असेल, मान खाली घालून मी १२१० लिहिलं. वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा १२१० च वाचलं, आवाजात काही न आणता, आणि त्या वेळी ते सपाट वाचायचं शिक्षण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. तिने तो भाग तसाच पुढे जाऊ दिला. बाहेर आल्यावर गेटपाशी ती एकदम थांबली. "काकू, बारा बारा ना ते? मी काय सांगितलं?" म्हटलं, बारा दहा. "आणि तुम्ही लिहिलंत काय?" बारा दहाच. तिने माझं कोपर घट्ट धरलं आणि म्हणाली, "बरं केलंत. नाहीतर मला कधी कळलंच नसतं किती मार्क माझे ते."

त्याच परीक्षेत दुसऱ्या एका पेपरला पर्यवेक्षक नवीन होते, वाढीव वेळेचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, तीन तास झाल्याबरोबर त्यांनी उत्तरपत्रिका मागितली. मी बोलणार तेवढ्यात तिनेच फाईल पुढे केली, शांतपणे म्हणाली सर वरचाच कागद बघा, तासाला वीस मिनिटं. त्यांनी वाचलं, केंद्रप्रमुखांना विचारून आले, वेळ दिली. यात काही मिनिटं गेली ती मात्र भरून मिळाली नाहीत. हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं, नियम असतो पण वर्गातल्या माणसापर्यंत तो पोचलेला नसतो. लेखनिक मिळण्यासाठी ठरावीक टक्के अपंगत्व असलंच पाहिजे ही अटही सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ च्या निकालात नाकारली, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराची ती केस होती, त्यामुळे डोळे शाबूत असलेल्या पण लिहिता न येणाऱ्या मुलांनाही लेखनिक मागता येतो. कितीतरी आईवडिलांना हे माहीत नाही.

परीक्षा संपल्या आणि मुलांकडून वेगळीच मागणी यायला लागली. अभ्यासाचं झालं, आता काहीतरी चांगलं वाचा. कथा, नाटकं, दिवाळी अंकातल्या कविता, एका मुलाला तर फक्त विनोदी हवं होतं. मग इथे मात्र भाव घालून वाचायची परवानगी मिळाली. यातूनच आमच्या भागातल्या वाचनालयात अभिवाचनाचा कार्यक्रम ठरला, पण वाचणार कोण तर हीच मुलं, ब्रेलमधून. आपण वाचतो तेव्हा मान खाली असते, ही मुलं बोटांनी वाचत होती आणि चेहरा पूर्ण वेळ लोकांकडे, संवाद थेट समोरच्याला. पहिल्या रांगेत नाटकात काम केलेले एक गृहस्थ होते, ते नंतर मला म्हणाले की आमची आयुष्यभराची तालीम या एका गोष्टीसाठी असते, स्क्रिप्टमधून मान वर कशी ठेवायची. वाचनालयाने आता हा कार्यक्रम दर दोन महिन्यांनी ठेवलाय आणि त्याला येणारी कॉलेजची पोरं आमची सगळ्यात मोठी मिळकत आहेत, कारण लेखनिक म्हणून नियमात बसतात ती हीच. कार्यक्रम संपला की दादा दारात उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, कितवीला आहेस रे तू.

मेसेजचंही आम्ही बदललं. आधी नुसतं लेखनिक हवा, संपर्क करा असं असायचं, मग तीस फोन यायचे आणि तिसातले अठ्ठावीस नियमात न बसणारे, दादांचा अख्खा दिवस नाही-नाही म्हणण्यात जायचा. आता मेसेज महिनाभर आधी जातो आणि त्यात परीक्षार्थीची इयत्ता, लेखनिकाचं जास्तीत जास्त शिक्षण किती चालेल, विषय, माध्यम, पेपरची तारीख, वाढीव वेळ धरून किती वाजेपर्यंत थांबावं लागेल, केंद्र कुठल्या भागात आहे हे सगळं असतं, आणि विद्यार्थ्याचं नाव नसतं. तुमच्या ग्रुपवर अर्धवट मेसेज आला तर पुढे ढकलायच्या आधी पाठवणाऱ्याला एवढं विचारून घ्या, आणि तारीख उलटून गेलेला असेल तर तिथेच थांबवा, मागच्या मार्चचे मेसेज अजून फिरतायत आणि लोक अजून फोन करतायत.

सध्या दहावीची यादी चालू आहे. मराठी, सामाजिक शास्त्रं, विज्ञान, सगळ्यांना मुलं मिळाली. संस्कृतच्या पेपरला मात्र अजून कोणी नाही, कारण लिहिणारा नववीचा हवा आणि त्याने स्वतः संस्कृत घेतलेलं असेल तरच विसर्ग आणि जोडाक्षरं ऐकून भराभर उतरवता येतील. असं मूल तुमच्या घरात किंवा शेजारी असेल तर आईबाबांना विचारून मला मेसेज करा, सराव आम्ही करून घेऊ, केंद्रावर नेण्या-आणण्याला मी स्वतः असेन.